दूरचा डोंगर

चित्रकलेचे शिक्षक रजेवर गेले, की त्यांचा तास माझ्या गळ्यात पडतो. परवा असाच मुलांना घेऊन नळदुर्गच्या किल्ल्यातील एका उंच बुरुजावर बसलो होतो.

पेन्सिलीच्या निसर्गचित्रात रंगांची मदत नसते. जवळची बाभूळ मऊ पेन्सिलीने काळीभोर गिरवायची, बोरी नदीचा काठ मध्यम ठेवायचा आणि क्षितिजावरचा डोंगर कठीण पेन्सिलीच्या एका पुसट रेघेवर भागवायचा. मधला कागद कोराच सोडायचा, तीच हवा! धूळ आणि बाष्प प्रकाश विखुरतात, म्हणून दूरचे काळेही फिकट दिसते. जर्मन चित्रकार फ्रीडरिख (१७७४–१८४०) याने तर अशाच धुक्यात डोंगर बुडवून पाहणाऱ्याला हुरहूर लावली. हे सारे मी मोठ्या ऐटीत सांगत होतो.

तेवढ्यात एक मुलगा म्हणाला, "गुरुजी, त्या डोंगराच्या पायथ्याला आमची वस्ती हाय. तिथनं ह्यो किल्लाच पुसट दिसतो की!"

मुले हसली. मला मात्र हसू येईना. हा मुलगा रोज उशिरा येतो म्हणून मी त्याला कितीदा तरी वर्गाबाहेर उभे केले होते. तो येतो कुठून, हे एकदाही विचारले नव्हते. माझ्या वहीत तो अशीच एक पुसट रेघ होता.

आता, चित्रकाराने खोटे काढले असे नव्हे. डोळ्यांना जसे दिसते तसे त्याने काढले. पण डोळे कुठे बसले आहेत, हे चित्रात कुठेच लिहिलेले नसते. कादंबरीतही आम्ही हेच करतो. नायकाला मऊ पेन्सिल, पाणक्याला एक वाक्य! १८५३ साली निजामाकडून हा मुलूख इंग्रजांकडे आला, तेव्हा मेडोज टेलर येथे अधिकारी म्हणून आला. तोही चित्रे काढी, कादंबऱ्या लिही. साहेबाच्या जागेवरून तुळजापूर ही दूरचीच रेघ. पण १८६३ च्या 'तारा'त त्याने तिथल्या एका शास्त्र्याची मुलगी अगदी पुढे आणून बसवली. साहेबाला जे साधले, ते मला माझ्याच वर्गात साधले नव्हते.

त्या मुलाने आपले घर डोंगराच्या पायथ्याशी काळेभोर काढले, खिडकीसकट. चित्रातली सारी खोली गेली. डोंगर थेट बाभळीला येऊन टेकला. परीक्षेच्या नियमाने ते चित्र चुकलेलेच. त्याला गुण किती द्यावेत, हे मला अजून ठरवता आलेले नाही.