वाटेवरील शास्त्राभ्यास
(लूक २४:१३–३५)



बीड जिल्ह्यांत बालाघाटाच्या डोंगरांत कपिलधार हें स्थान आहे. तेथें पावसाळ्यांत धबधबा कोसळतो व जवळच मन्मथस्वामींची समाधि आहे. कार्तिकी पौर्णिमेच्या यात्रेस वीरशैव भक्त दूरदूरच्या गांवांहून पायीं येतात. स्वामींच्या ‘परमरहस्य’ ग्रंथाचें पारायण ते भक्तीनें करितात. एकानें वाचावें व इतरांनीं मांडी घालून ऐकावें, ही रीत या मुलखाच्या अंगवळणीं पडलेली आहे. शेजाऱ्यांच्या या निष्ठेची थट्टा करणें आपणांस शोभत नाहीं. उलट, ज्या शास्त्रावर आपण तारणाचा भरंवसा ठेवितों, तें आपल्या घरांत कितीदां उघडतें, हें आपण आपल्यालाच विचारावें.

अम्माऊसच्या वाटेनें दोन शिष्य खिन्न होऊन चालले होते. प्रभु त्यांच्याबरोबर चालूं लागला. परंतु त्यानें आरंभींच उपदेश केला नाहीं. तुमचें काय बोलणें चाललें आहे, असें त्यानें प्रथम विचारिलें व त्यांची सारी निराशा ऐकून घेतली. मग मोशे व संदेष्टे यांचीं वचनें उलगडून दाखविलीं. शेवटीं घरांत भाकर मोडतांना त्यांचे डोळे उघडले. आधीं विचारणें, मग ऐकणें, मग उलगडणें, व सरतेशेवटीं एकत्र जेवणें, हाच प्रभूच्या शास्त्राभ्यासाचा क्रम होय.

हा क्रम आम्हीं स्वतः मोडिला आहे. आमच्या लहानशा अभ्यासवर्गांत एका मातेनें विचारिलें, “माझें लेंकरूं उसाच्या फडांत तापानें गेलें, तेव्हां प्रभु कोठें होता?” धडा संपविण्याची आम्हांस घाई होती. देवाची इच्छा, इतकें बोलून आम्हीं पुढील वचन काढिलें. पुढल्या आठवड्यास ती आली नाहीं. तेव्हां आम्ही तिच्या घरीं गेलों, उत्तर ठाऊक नसल्याचें कबूल केलें, आणि लाजराच्या कबरेपाशीं येशू रडला तो भाग वाचिला. तिनें तो पुन्हां वाचावयास सांगितला व म्हणाली, “उठवायचेंच होतें, तर रडला कां?” हा प्रश्न आम्हीं वर्गापुढें ठेविला. बहुतेक गप्प बसले. मग तीच म्हणाली, “बहिणीला रडतांना पाहिलें म्हणून.” आमच्या तयार धड्यांत इतका अर्थ नव्हता. तिचें दुःख त्यानें सरलें नाहीं. परंतु ती पुन्हां येऊं लागली.

यावरून उपदेशकांनीं तीन गोष्टी ध्यानांत धराव्या. भाग लहान घ्यावा, दोनदां वाचावा, व ज्यांस वाचतां येत नाहीं त्यांनीं तो आपल्या शब्दांत सांगावा. मग यांत देवाविषयीं काय कळलें, आपल्याविषयीं काय कळलें, व या आठवड्यांत काय करावें, हें प्रत्येकानें बोलावें. आणि जें ठाऊक नाहीं तें ठाऊक नाहीं म्हणावें. जिज्ञासूस बाप्तिस्म्याची घाई करूं नये. नारायण वामन टिळकांस १८९३ सालीं आगगाडींत नवा करार मिळाला. त्यांचा बाप्तिस्मा १८९५ त झाला व लक्ष्मीबाईंचा १९०० सालीं. एका घरांतही प्रत्येक मनाची वेळ निराळी असते.

हें आतांच सांगण्यास कारण आहे. कार्तिकी यात्रेच्या सुमारास या जिल्ह्यांतून दुसरीही एक वाट चालूं लागते. मुकादमाची उचल घेतलेलीं असंख्य कुटुंबें ऊसतोडीसाठीं पश्चिम महाराष्ट्रांत व कर्नाटकांत जातात आणि महिनोन्महिने कोप्यांत राहतात. गांवचा वर्ग मोडतो, आणि मंडळी परतल्यावर पाहूं, असें आपण म्हणतों. परंतु जो विश्वास केवळ उपदेशकाच्या तोंडावर उभा आहे, तो फडावर कसा टिकणार? पहाटेच्या थंडींत, आजारांत, उचल फिटत नाहीं तेव्हां, त्यांस शास्त्र कोण उलगडून सांगणार? म्हणून वर्ग असा चालवावा कीं, तेथील प्रत्येक जण एक गोष्ट पाठ करून व एक प्रश्न मनांत घेऊन निघेल.

बंधूंनो, फडावर नवरा-बायको मिळून एक कोयता धरितात. मुकादमाच्या हिशेबीं तीं दोन जीव म्हणजे एक कोयता. प्रभूचा हिशेब निराळा आहे. दोघे तिघे त्याच्या नांवानें जमतात तेथें आपण असूं, असें त्याचें वचन आहे. अम्माऊसच्या वाटेवरही दोघेच होते. तेव्हां दिवस कलल्यावर कोपींत चूल पेटेल, भाकर मोडली जाईल, आणि तीं दोघें वर्गांत ऐकलेली गोष्ट एकमेकांस सांगतील, तर ती एक मंडळीच होय. त्यांचें बोलणें ऐकावयास प्रभु तेथेंही बसो. आमेन.