सांधे आणि त्यांचा कर्ता

मान खाली-वर होते तेव्हा कवटी पहिल्या मणक्यावर झुकते. डावी-उजवीकडे वळते तेव्हा तो मणका कवटीसकट दुसऱ्या मणक्याच्या उभ्या सुळक्याभोवती फिरतो. सुळका मज्जारज्जूवर दाबू नये म्हणून त्याच्या मागून एक आडवा, चिवट अस्थिबंध ताणलेला असतो.

इंग्रज धर्मोपदेशक विल्यम पेली याने १८०२ साली ‘नॅचरल थिऑलॉजी’त ही जुळणी ईश्वराचा पुरावा म्हणून मांडली. अशी रचना आपोआप होत नाही, तिला योजणारा हवा, असे त्याचे म्हणणे. कार्यावरून कर्त्याचे अनुमान आपल्याकडेही जुनेच; उदयनाचार्यांनी ‘न्यायकुसुमांजली’त ईश्वरसिद्धीसाठी ते वापरले. बौद्ध, जैन आणि मीमांसक यांना मात्र ते कधीच पटले नाही.

पेलीचे निरीक्षण बारीक होते, निष्कर्ष घाईचा. खांद्याची खोबण उथळ आहे, म्हणून हात चौफेर फिरतो आणि म्हणूनच तो चटकन निखळतो. गुडघ्यातल्या कूर्चेला रक्तपुरवठा नसतो. ती झिजली की नीट भरून येत नाही. ही तडजोड आहे, आणि सर्वज्ञ कारागिराला तडजोड कशाला करावी लागावी? डार्विनच्या १८५९ च्या ग्रंथाने दुसरा खुलासा दिला. माणसाचा हात, वटवाघळाचा पंख आणि देवमाशाचा पर यांतली हाडे एकाच क्रमाने जोडलेली आहेत, कारण आराखडा समान पूर्वजाकडून आला आणि नैसर्गिक निवडीने तो गरजेनुसार बदलत गेला.

ईश्वर आहे की नाही, हा प्रश्न याने निकालात निघत नाही. सांध्यांची साक्ष मात्र त्यासाठी पुरेशी ठरत नाही.