कर्णाचा वाटा

कर्णाचे आख्यान झाले की कोणीतरी विचारतोच, "महाराज, कर्णाचा यात दोष तो काय? आईने टाकले, लोकांनी सूतपुत्र म्हणून हिणवले, आणि अंगदेशाचे राज्य देऊन जवळ केले ते दुर्योधनाने. संगतच तशी!" हा कळवळा आम्हांलाही आहे. पण श्रोतेहो, सभापर्व उघडून पाहावे.

एकवस्त्रा द्रौपदीला दुःशासनाने केस धरून सभेत ओढीत आणले. त्या वेळी तिच्या बाजूने बोलला कोण? विकर्ण, दुर्योधनाचा भाऊ! त्याच घरचे अन्न, तीच संगत. तरी द्रौपदी जिंकली गेलेली नाही, असे तो भर सभेत म्हणाला. त्याला दटावले कर्णाने. पांडवांची आणि द्रौपदीचीही वस्त्रे काढून घे, असे दुःशासनाला सांगितले तेही कर्णानेच. संगतीने दार उघडून दिले असेल, पण उंबरा ओलांडला तो कर्णाच्या पायांनी.

मग मैत्री वाईट काय? मुळीच नव्हे. उद्योगपर्वात श्रीकृष्ण जन्माची हकीकत सांगून राज्य देऊ करतात, तरी तो मित्राला सोडीत नाही. हे त्याचे थोरपण. आणि तेथेच तो कबूल करतो की, दुर्योधनाला बरे वाटावे म्हणून आपण पांडवांना कडू बोललो, त्याचा आता ताप होतो. त्याची वकिली करतो ती आपणच!

पुढे रथाचे चाक रुतले तेव्हा त्याने अर्जुनाला धर्माची आठवण दिली. द्रौपदीच्या वेळी, अभिमन्यूच्या वेळी तुझा धर्म कोठे गेला होता, असे कृष्णाने विचारले. कर्णाने लाजेने मान खाली घातली.

आता आमचे ऐका. तरुणपणी एका गावी आमचा उतारा ज्यांच्या घरी होता, त्यांचा एका गरीब शेजाऱ्याशी बांधावरून तंटा होता. यजमानांनी आम्हांला काही सांगितले नव्हते. तरी कीर्तनात समोर बसलेल्या त्या शेजाऱ्याला आम्ही टोमणा मारला. लोक हसले, यजमान खूश झाले. तो मनुष्य मुकाट्याने उठून गेला. पुष्कळ वर्षे आम्ही मनाला समजावीत आलो, "खाल्ल्या अन्नाचा गुण!" अन्न यजमानांचे होते हो, पण जीभ आमची होती.

कर्णासाठी जरूर रडावे. त्याची सबब मात्र आपल्यासाठी उचलू नये. संगतीचा वाटा संगतीला देऊन जो उरतो तो आपला. तो पदरात घ्यावा, आणि मग देवापुढे उभे राहावे.