दोन डोळे कुणाचे?



चोर सुधारतो का? आणि सुधारतो तर कशाने? धाकाने, देवाच्या नावाने, की स्वतःच्या समजुतीने? प्रश्न जुना आहे. कथा सांगणाऱ्यांना आणि सिनेमा काढणाऱ्यांना तो फार आवडतो, कारण वाईट माणूस चांगला झालेला पाहून लोकांना बरे वाटते. परंतु आपण नुसते बरे वाटून घेऊन थांबता कामा नये. विहारात पंचशील म्हणताना आपण दुसरे शील ग्रहण करतो ते अदिन्नादानापासून, म्हणजे न दिलेले घेण्यापासून, दूर राहण्याचे. म्हणून हा प्रश्न तुमच्या-माझ्या घरचा आहे.

आपल्याकडे चोर सुधारल्याची गोष्ट म्हटली की वाल्या कोळ्याची आठवते. वाटमाऱ्या करणाऱ्या वाल्याला नारद भेटतो. तुझ्या पापात घरची माणसे वाटेकरी आहेत का, ते विचारून ये, असे सांगतो. घरची माणसे नाही म्हणतात. मग वाल्या नामजपाला बसतो, अंगावर वारूळ चढते आणि वाल्याचा वाल्मीकी होतो. या गोष्टीत नारदाचा प्रश्न मोलाचा आहे. केलेल्या कर्माची जबाबदारी ज्याची त्याची, हे त्यातून कळते. पण पुढे काय? ज्यांना लुटले, मारले, त्यांचे काय झाले, याबद्दल गोष्ट गप्प बसते. नामजपाने पाप धुतले, हिशेब मिटला! आणखी एक पाहा. ऋषी झाल्यावर तो वाल्मीकी, पण चोर होता तेव्हा तो ‘वाल्या कोळी’. गुन्हा सांगताना जातीचे नाव बरोबर चिकटते.

दुसरी कथा आपल्या काळातली. व्ही. शांताराम यांचा ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट १९५७ साली आला. कथा ग. दि. माडगूळकरांची. चित्रपटाला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले आणि १९५८ साली बर्लिनच्या महोत्सवातही त्याचा गौरव झाला. आदिनाथ नावाचा तरुण जेलर खुनाच्या गुन्ह्यातील सहा कैद्यांना तुरुंगाबाहेर काढून ओसाड जमिनीवर नेतो. सहा माणसांचे बारा हात आणि त्याचे दोन डोळे. माणसे घाम गाळतात, माळावर भाजी पिकवतात, बाजारात ती स्वस्त विकतात. मग व्यापाऱ्यांचे पित्त खवळते आणि अखेर त्या वैरात आदिनाथाचा बळी जातो.

ही निव्वळ कवीची कल्पना नव्हे. औंध संस्थानात, आटपाडीजवळ, १९३९ साली ‘स्वतंत्रपूर’ नावाची कैद्यांची खुली वसाहत उभी राहिली. मूळचे पोलंडचे इंजिनियर मॉरिस फ्रीडमन यांनी ही कल्पना मांडली आणि संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी ती उचलून धरली. माडगूळकर त्याच मुलखातले. कैद्याला तेथे उंच भिंतीआड कोंडत नाहीत. तो बायकामुलांसह राहतो, शेती कसतो. हा भाग आज सांगली जिल्ह्यात असून वसाहत महाराष्ट्राच्या कारागृह खात्याकडे आहे. माणसावर विश्वास टाकला तर माणूस त्या विश्वासाला जागतो, हे या प्रयोगाने दाखवले. त्याचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही.

तरीही एक प्रश्न उरतो. चित्रपटाच्या नावातले ते दोन डोळे कुणाचे? जेलरचे. त्या डोळ्यांचा कैद्यांना धाक आहे, ओढही आहे. आदिनाथ गेल्यावरही ते डोळे आपल्यावर रोखलेले आहेत, या जाणिवेवरच त्यांचा चांगुलपणा टिकून राहतो. शिवाय कथेत प्रार्थना आहे आणि वरून पाहणारा मालकही आहे. म्हणजे आधी तुरुंगाचा पहारा, मग जेलरचे डोळे, त्यानंतर देवाचे डोळे. पहारेकरी बदलला, पण पहारा उठला का?

आम्हां शिक्षकांना हे रोज दिसते. गुरुजी वर्गात असले की कुणाच्या दप्तराला कुणी हात लावत नाही. गुरुजी कचेरीत गेले की पेन्सिल नाहीशी होते. जो मुलगा गुरुजी नसतानाही हात लावत नाही, त्यालाच शील समजले असे म्हणावे.

आता योगायोग पाहा. ज्या १९५७ साली हा चित्रपट आला, त्याच साली परमपूज्य बाबासाहेबांचा ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा ग्रंथ त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर मूळ इंग्रजीत प्रसिद्ध झाला. पतित आणि गुन्हेगार यांच्या धम्मदीक्षेसाठी बाबासाहेबांनी त्यात स्वतंत्र भाग ठेवला आहे, आणि त्यात अंगुलिमालाची कथा आहे.

कोसल देशाचा राजा प्रसेनजित ज्याच्या नावाने हैराण झाला होता, त्या अंगुलिमालाच्या वाटेने तथागत एकटे गेले. तो तलवार घेऊन मागे धावला. तथागत सावकाश चालत होते, तरी त्याला ते गाठता येईनात. तो ओरडला, थांब! तथागतांनी सांगितले की मी थांबलेलोच आहे, थांबायचे आहे ते तुला. यात शाप नाही, नरकाची भीती नाही, कोणत्याही नावाचा जप नाही. प्राण्यांना इजा करणे ज्याने सोडले तो थांबला, ज्याने सोडले नाही तो धावतोच आहे, एवढाच अर्थ. तो अंगुलिमालाच्या मनात उतरला आणि त्याने शस्त्र टाकले. बुद्ध मार्गदाता आहे, मोक्षदाता नव्हे, असे आपण म्हणतो ते हेच. तथागतांनी त्याच्यावर आपले डोळे रोखले नाहीत, त्याचे डोळे उघडले.

पण बंधूंनो, कथा येथे संपत नाही. नवदीक्षितांनी पुढचा भाग विसरू नये. भिक्खू झालेला अंगुलिमाल श्रावस्तीत भिक्षेला गेला तेव्हा लोकांनी त्याला ढेकळे, काठ्या, दगड मारले. डोके फुटले, भिक्षापात्र फुटले, चीवर फाटले. तथागतांनी त्याला लोकांवर उलट धावून जायला सांगितले नाही, आणि केले ते सारे पुसले गेले असेही सांगितले नाही. केलेल्या कर्माचे फळ आहे, सहन कर, असे सांगितले. वाल्याच्या गोष्टीत जो हिशेब एकदम मिटला, तो येथे मिटलेला नाही. लोकांचे भयही खोटे नव्हते. विनयात असे आहे की अंगुलिमालाला भिक्खूवेषात पाहून लोक घाबरले, म्हणून कुख्यात चोराला प्रव्रज्या देऊ नये असा नियम पुढे झाला. धम्म भाबडेपणा शिकवत नाही. पण त्या नियमामुळे अंगुलिमालाला संघातून बाहेर काढले नाही, हेही लक्षात घ्या.

म्हणून कसोट्या दोन आहेत. एक चोराची: कुणी पाहत नसताना तो थांबलेला आहे का? दुसरी आपली: थांबलेल्या माणसाकडे आपण कोणत्या डोळ्यांनी पाहतो?

ही दुसरी कसोटी आपल्याला नवी नाही. गावची राखण करणे आणि चोराचा माग काढणे हे महारकीच्या कामांपैकी होते. तरी गावात काही नाहीसे झाले की पहिला संशय आपल्याच वाड्यावर येई. आपल्याहूनही वाईट गत काहींची झाली. इंग्रज सरकारने १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला. जन्माला आलेले लेकरूसुद्धा चोर ठरले. पारधी, कैकाडी अशा जमातींना हजेरी लागली, सोलापूरला तारेच्या कुंपणात वसाहत झाली. स्वातंत्र्यानंतर ३१ ऑगस्ट १९५२ रोजी त्यांना त्या कायद्यातून विमुक्त केले. कुंपण निघाले, नजर मात्र निघाली नाही. याच विमुक्त-भटक्या समाजांतील हजारो माणसांनी २७ मे २००७ रोजी मुंबईत महालक्ष्मी रेसकोर्सवर धम्मदीक्षा घेतली. ज्यांना जन्माने चोर म्हटले, त्यांनी चोरी न करण्याचे शील घेतले. त्यांच्यासाठी आपल्या विहारात सतरंजीवर जागा सरकवतो का आपण? लेकीबाळींच्या सोयरिकीची गोष्ट निघाली की पुन्हा जात विचारतो का?

समजा, बिरवाडीच्या एखाद्या वाडीतला मुलगा महाडच्या एमआयडीसीतून तांब्याची तार उचलताना पकडला गेला आणि शिक्षा भोगून परत आला. कंत्राटदार कामावर घेत नाही, कारण जामीन राहणारा कुणी नाही. बुद्धपौर्णिमेच्या तयारीला तो येतो, तेव्हा वर्गणीचा डबा कुणीतरी हळूच पलीकडे सरकवतो. कुणी बोलत नाही. त्याला मात्र कळते. असा मुलगा पुन्हा तार उचलायला गेला तर दोष त्याचाच, कर्म त्याचेच, हे मी सौम्य करणार नाही. पण तो डबा सरकवणारा हात आपला होता, तेही कर्मच आहे आणि त्याला वाटेकरी नाही.

मग करावे काय? त्याच्या हाती पहिल्याच दिवशी तिजोरीची किल्ली द्या, असे कुणी म्हणत नाही. ज्याची वस्तू गेली त्याला त्याने भरपाई द्यावी, पाचजणांसमोर द्यावी. मग आपल्यापैकी एकाने कंत्राटदारापुढे उभे राहून त्याच्यासाठी शब्द टाकावा. वर्गणी मोजायला दोघांना बसवतोच, त्या दोघांतला एक तो असावा. आणि घरात, मुलांच्या देखत, त्याला ‘चोर’ म्हणू नये, नावाने हाक मारावी.

महाड येथून दूर नाही. १९२७ साली चवदार तळ्यावर आपल्या वाडवडिलांनी जे मागितले ते नुसते पाणी नव्हते. आम्हांला माणूस म्हणून पाहा, हे त्यांचे मागणे होते. ते मागणाऱ्यांच्या नातवंडांकडे आता दुसरा कुणी तेच मागायला आला, तर त्याला काय उत्तर द्यायचे, हे येत्या पौर्णिमेला विहारात बसून ठरवा.

जय भीम!