ओतूरचं लग्न आणि फाट्यावरचं पॅकेज

आळेफाट्याच्या उपबाजारात कांदा उतरला की त्याची प्रतवारी लागते: सुपर गोळा, गोळा, गोल्टी, बदला, चिंगळी. भाव निघतो दहा किलोला. वावर एक, पाणी एक, पण आकार बिघडला की दर पडला. कांद्याच्या बाबतीत यात काही चूक नाही. लांबच्या गिऱ्हाइकाला एकसारखाच माल लागतो. पण ही प्रतवारी आता आपण स्वतःला लावून घेतोय, आणि त्याची मला मनापासून काळजी वाटते.

पुणे-नाशिक आणि कल्याण-अहिल्यानगर हे रस्ते इथे एकमेकांना छेदतात. मुंबई-पुण्यात जे निघतं ते फाट्यावर यायला वेळ लागत नाही. या रस्त्यांनी पुष्कळ भलंही केलं. माल बाहेर गेला, पोरी शिकायला बाहेर पडल्या. पण लग्नसराईत जरा कार्यालयांत डोकावून बघा. प्री-वेडिंग शूट, वर भिरभिरणारा ड्रोन, धुरातून नवरीची एंट्री, वऱ्हाडाला एकाच रंगाचे फेटे. अल्बममधले चेहरे हाताने झाकले तर लग्न कुणाचं ते घरच्यांनाही सांगता येणार नाही. आणि यातल्या प्रत्येक घराने ठरवताना म्हटलेलं असतं, ‘आपलं जरा हटके पाहिजे.’ ते हटकेही पॅकेजमध्ये असतं, वेगळे पैसे मोजून. थॉर्स्टीन व्हेब्लेनने 1899 मध्येच लिहून ठेवलं की माणूस पत दाखवायला खर्च करतो. इथे ती पत दाखवण्यासाठी एखादा बाप वावर गहाण ठेवतो.

वेगळं लग्न म्हणजे काय, हे या तालुक्याला शिकवायला बाहेरून कुणी यायला नको. कल्याणच्या वाटेवरचं ओतूर इथून जवळच. जोतीराव फुल्यांनी 1873 मध्ये सत्यशोधक समाज काढला आणि पुढच्या दशकात ओतूरच्या बाळाजी कुसाजी पाटलांनी घरचं लग्न भटजीवाचून लावलं. ग्रामजोशांनी आपला हक्क बुडाला म्हणून दावा ठोकला. प्रकरण मुंबईच्या हायकोर्टापर्यंत गेलं. विचार करा, त्या काळी गावाच्या डोळ्यांदेखत हे करायचं, वर कोर्टाच्या पायऱ्या झिजवायच्या! तिथे वेगळेपण मिरवायचं नव्हतं, पटलेलं होतं ते निभवायचं होतं. असलं वेगळेपण बाजार कधीच विकणार नाही, कारण त्यात त्याला सुटत काहीच नाही.

कुणी म्हणेल, गावगाड्यात तरी माणसाला कुठे मोकळीक होती? नव्हतीच. आळे गावात रेड्याची समाधी आहे. ज्ञानेश्वरांनी पैठणला ज्याच्या मुखातून वेद वदवले तो हाच रेडा, अशी वारकऱ्यांची श्रद्धा. संन्याशाची पोरं म्हणून वाळीत टाकलेल्या भावंडांची ती कथा. त्या समाधीपुढे आपण माथा टेकतो, आणि भावकीतल्या कुणी साध्या लग्नाचा विषय काढला की विचारतो, ‘पैसे नाहीत का?’ हा प्रश्न क्रूर आहे.

तरी जुन्या भावकीची एक बाजू सांगायलाच हवी. ती धाक घालायची, पण इर्जिकीला बैल घेऊन यायची, मयताला खांदा द्यायची. आजचा एकसारखेपणा फक्त पैसे मागतो. कर्जाचा हप्ता थकला तर ड्रोनवाला दारात येणार नाही, आणि फेट्यांच्या रंगाचं कौतुक करणारेही येणार नाहीत.

विशेष विवाह कायदा 1954 पासून आहे. तीस दिवसांची नोटीस, विवाह अधिकारी आणि तीन साक्षीदार, एवढ्यात लग्न लागतं. ज्यांना देवाब्राह्मणासमोर हवं त्यांनी दारात मांडव घालून लावावं, त्यातही कमीपणा नाही. मुला-मुलीने काय ते ठरवावं. उरलेल्या आपण मंडळींनी एवढंच करावं: तुळशीचं लग्न लागलं की तिथी निघतील, तेव्हा ज्या घराने साधं कार्य धरलं असेल तिथे सगळ्यांच्या आधी जा, पंगतीला बसा आणि पैशांबद्दल काही विचारू नका.