सांभाळणाऱ्यांचा हिशेब

स्किझोफ्रेनियाच्या रुग्णाला तपासताना मनोविकारतज्ज्ञ थोडं त्याच्याशी बोलतात आणि मग विचारतात, "सोबत कोण आलंय?" पुढची बहुतेक माहिती त्या सोबत आलेल्या माणसाकडून मिळते. झोप किती, जेवण कसं, गोळ्या घेतो का, एकटाच बोलतो का, हात उगारला का. सूचनाही त्यालाच दिल्या जातात. भारतातली मानसिक आरोग्यसेवा प्रत्यक्षात या सोबत आलेल्या माणसाच्या जिवावर चालते. त्याला पगार नाही, रजा नाही, कुणी काही शिकवलेलं नाही. आणि बहुतेक घरांत हा माणूस म्हणजे एक बाई असते.

तिचं कौतुक मात्र भरपूर होतं. 'आपल्याकडे कुटुंबव्यवस्था आहे म्हणून बरं,' हे वाक्य परिसंवादातही ऐकू येतं आणि मंत्र्यांच्या भाषणातही. त्याला थोडा आधारही आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १९६०च्या दशकाच्या अखेरीस नऊ देशांत स्किझोफ्रेनियाची पाहणी सुरू केली, त्यात आपलं आग्रा होतं. काही वर्षांनी पुन्हा पाहिलं, तेव्हा आग्रा आणि नायजेरियातल्या इबादानचे रुग्ण लंडन-वॉशिंग्टनच्या रुग्णांपेक्षा बऱ्या स्थितीत आढळले. त्याचं श्रेय अर्थातच कुटुंबाला दिलं गेलं. पुढे या निष्कर्षावर बऱ्याच शंका घेतल्या गेल्या. शंका घेणाऱ्यांत चेन्नईच्या 'स्कार्फ' संस्थेच्या डॉ. आर. थारा यांच्यासारख्या, इथल्याच रुग्णांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केलेल्या डॉक्टरही होत्या. पण कौतुक एकदा रूढ झालं की शंकांना कोण विचारतो?

अमृतसरची गोष्ट मला या संदर्भात महत्त्वाची वाटते. १९५०च्या दशकात तिथल्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी आवारात तंबू ठोकले आणि नातेवाइकांना रुग्णाजवळ राहायला बोलावलं. रुग्णालयात कामाला माणसं कमी होती, हे एक कारण होतंच. पण नातेवाईक रोज आजार पाहत, डॉक्टरांचं ऐकत, एकमेकांशी बोलत. रुग्ण लवकर सावरत आणि घरचे त्यांना परत घेऊन जात. वेल्लोर आणि बंगळुरूला पुढे ही रीत वेगळ्या रूपात चालू राहिली. इतरत्र आपण त्यातलं सोयीचं तेवढं उचललं. तंबू, डॉक्टर आणि शिकवणं मागे राहिलं. नातेवाईक तेवढे कामाला लागले.

हे काम नेमकं काय असतं, ते बाहेरच्यांना कळत नाही. लोकांना आजार म्हणजे आरडाओरडा, भास, संशय वाटतो. तो काळ भीषण असतो, पण त्यात निदान सगळं घर धावतं. कुणी नरसोबाच्या वाडीला चला म्हणतं, कुणी करणी उतरवणारा गाठतं, शेवटी कुणीतरी दवाखान्यात नेतं. खरी कसोटी औषधं लागू पडल्यावर सुरू होते. आवाज थांबतात आणि तिशीतला मुलगा दिवसभर पलंगावर बसून राहतो. आंघोळ नको, बाहेर जाणं नको, कुणाशी बोलणं नको. गोळ्यांनी वजन वाढलेलं, हात थरथरतात, सकाळी दहाला उठवलं तरी डोळे उघडत नाहीत. ही निरिच्छताही आजाराचाच भाग आहे, पण ती आजारासारखी दिसत नाही. दिसतो तो आळस. मुलगा भास होऊन ओरडतो तेव्हा त्याच्यावर न रागावणारा बाप, तोच मुलगा ताट उचलत नाही म्हणून संतापतो. 'आम्ही गेल्यावर काय करशील' हे वाक्य अशा घरांत बहुधा जेवणाच्या वेळी उच्चारलं जातं.

या संतापाचा शास्त्रज्ञांनी फार बारकाईने अभ्यास केला आहे. लंडनमध्ये जॉर्ज ब्राउन आणि नंतर व्हॉन व लेफ यांनी दाखवलं की घरात टोचून बोलणं, वैर किंवा अति गुंतून पडणं जास्त असेल तर आजार उलटण्याची शक्यता वाढते. व्हॉन व लेफ यांच्या १९७६च्या शोधनिबंधात ३५ तासांचा आकडा येतो. अशा घरात आठवड्याला ३५ तासांहून अधिक काळ समोरासमोर गेला, तर धोका आणखी वाढतो. पुढे चंदीगडला हीच मोजणी झाली, तेव्हा तिथली कुटुंबं लंडनच्या मानाने बरीच कमी टोचून बोलणारी निघाली. आपल्याला बरं वाटेल अशी ही माहिती आहे. पण डोंबिवलीतल्या वन आरके घरात, जिथे आई दिवसभर घरी, मुलगा दिवसभर घरी आणि मध्ये एक पडदा, तिथे आठवड्याचे ३५ तास बुधवारपर्यंतच संपतात. 'त्याच्यावर चिडू नका' हा सल्ला डॉक्टर देतात. तो खराच आहे आणि फुकटही. त्या आईला सल्ल्याइतकीच गरज असते ती मुलगा रोज पाच तास जाऊन बसेल, काही करेल, चार माणसांत राहील अशा जागेची. अशी जागा नसते, आणि आजार उलटला की डॉक्टर विचारतात, घरात काही ताण झाला का?

आईला दोष देण्याची परंपरा तशी जुनीच. १९४८मध्ये फ्रीडा फ्रॉम-राइशमान या मोठ्या मनोविश्लेषक बाईंनीच 'स्किझोफ्रेनिया घडवणारी आई' अशी कल्पना मांडली आणि पुढची दोनतीन दशकं अमेरिकेतल्या कितीतरी आया त्या शिक्क्याखाली जगल्या. विज्ञानाने ती कल्पना केव्हाच टाकून दिली. आपल्या नात्यागोत्यात ती कुणी न वाचताही रुजलेली आहे: 'लाडावून ठेवलाय', 'लहानपणी फार मारलं असेल', 'लग्न करून टाका, सुधारेल'.

लग्नाचा सल्ला सगळ्यांत घातक, आणि त्याचा भार दोघांवर सारखा पडत नाही. नवरा आजारी पडला तर बायकोने निभावून न्यायचं असतं. बायको आजारी पडली तर तिला माहेरी पोचवलं जातं. हिंदू विवाह कायद्याच्या १३व्या कलमात घटस्फोटाच्या संदर्भात या आजाराचं नाव स्पष्ट लिहिलेलं आहे. केवळ निदान पुरेसं नाही, आजार किती तीव्र आहे ते पाहावं लागेल, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८८मध्ये सांगितलं. पण माहेरी पोचवलेल्या बहुतेक बायका कोर्टापर्यंत जातच नाहीत. त्यांना सांभाळायला पुन्हा म्हातारी आईच असते.

गोळ्यांबद्दल उघडपणे फारसं लिहिलं जात नाही. आपण आजारी आहोत हेच अनेक रुग्णांना मान्य नसतं, मग औषध कसं मान्य होणार? त्यामुळे घरोघरी ते चहात, वरणात, ताकात मिसळलं जातं. हे चूक आहे. कळलं तर रुग्णाचा अन्नावरचाच विश्वास उडतो, आणि 'मला विष घालतात' या त्याच्या संशयाला आपणच पुरावा देतो. तरी अशा आईला दुरून नीती शिकवायला माझं मन धजत नाही. २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने रुग्णाच्या संमतीला केंद्रस्थानी आणलं. पूर्वसूचना लिहून ठेवण्याचा, आपला प्रतिनिधी स्वतः नेमण्याचा हक्क त्याला दिला. त्यावर पालकसंघटनांनी नाराजी दाखवली. पुण्यातल्या बापू ट्रस्टसारख्या, रुग्णांच्या बाजूने उभ्या राहिलेल्या संस्था मात्र सक्तीच्या उपचारांना आधीपासूनच विरोध करत आल्या होत्या. दोघांचंही म्हणणं अनुभवातून आलेलं आहे. इथे मी कायद्याच्या बाजूने आहे. साखळदंडांचं काय होतं ते आपण ऑगस्ट २००१मध्ये तमिळनाडूतल्या एरवाडीला पाहिलं. तिथे ठेवलेले २८ मनोरुग्ण आगीत गेले, कारण त्यांना बांधून ठेवलेलं होतं. आणि त्यांतल्या अनेकांना तिथे त्यांच्या घरच्यांनीच नेऊन सोडलं होतं.

पण त्याच कायद्याचं १८वं कलम वाचावं. संक्रमणगृहं, आधारासह निवास, घरी येऊन पुनर्वसन, कुटुंबाला मदत हे सगळं सरकारने पुरवायचं आहे. रुग्णाला नकार देण्याचा हक्क मिळाला, आणि त्या नकाराच्या काळात त्याला सांभाळणारी यंत्रणा कागदावर राहिली. मधल्या जागेत आई उभी आहे, चहाचा कप घेऊन.

जिथे माणसं एकत्र येतात तिथे फरक पडतो, हे महाराष्ट्राने पाहिलं आहे. कॅनडात कॅल्गरीला प्राध्यापक असलेल्या डॉ. जगन्नाथ वाणी यांनी पत्नीच्या आजारातून गेल्यावर पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन सुरू करण्यात पुढाकार घेतला. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'देवराई' हा याच आजारावरचा चित्रपटही त्यांच्याच प्रयत्नांतून उभा राहिला. ठाण्याच्या आयपीएचसारख्या मानसिक आरोग्य संस्थांत शुभंकर (सांभाळणारे) आणि शुभार्थी (रुग्ण) यांचे स्वमदत गट चालतात. अशा गटांतून मिळणारी गोष्ट साधी असते. शेजारच्या खुर्चीवरच्या बाईचा मुलगाही ताट उचलत नाही, हे कळतं. शिवाय कामाची माहिती मिळते: ४० टक्के अपंगत्वाचा दाखला कुठे मिळतो, सरकारी नोकरीतल्या वडिलांच्या मागे मुलाला कुटुंब निवृत्तिवेतन कसं लागतं. बरीच घरं दाखला काढतच नाहीत, कारण धाकटीचं लग्न व्हायचं असतं.

'आमच्यानंतर काय?' हा या गटांमधला न संपणारा प्रश्न. मतिमंद किंवा स्वमग्न मुलांच्या पालकांना १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने पालकत्वाची एक वाट दिली. स्किझोफ्रेनिया त्या कायद्यात येत नाही. म्हणून नजर भावंडांकडे वळते. 'देवराई'त बहीणच सगळं ओढते, ते योगायोगाने नाही. भाऊ परदेशातून पैसे पाठवतो, त्याचे पैसे उपयोगी पडतातच. पण पैशांतून न मिळणारी गोष्ट म्हणजे सुट्टी. आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन लांबलेलं असतं, वडिलांचा गुडघा लांबलेला असतो, कारण पंधरा दिवस याच्याजवळ कोण थांबणार? हे पंधरा दिवस भावंडांनी पाळीपाळीने वाटून घ्यावेत, असा आग्रह मी ओळखीच्या प्रत्येक घरात धरतो. सगळ्यांना ते जमत नाही. ज्यांना जमत नाही त्यांनी त्याला तेवढे दिवस कुठे ठेवावं, याचं सरकारकडचं उत्तर ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी इथली चार प्रादेशिक मनोरुग्णालयं एवढंच आहे, आणि तिथे भरती करण्याइतका तो आजारी नसतो.