खारं सगळ्यांचं, गोडं ज्याचं त्याचं

वऱ्हाडाला समुद्र नाही. तरी १९३० च्या एप्रिलात, गांधीजींनी दांडीला मीठ उचलल्यावर काही दिवसांतच वऱ्हाडानेही मिठाचा कायदा मोडला. अकोल्याजवळच्या दहीहांड्यात विहिरीचं खारं पाणी उपसून, आटवून सत्याग्रहींनी मीठ केलं. अमरावती जिल्ह्यात दर्यापूरकडच्या भामोदलाही तेच झालं. अमरावतीचे वीर वामनराव जोशी आणि अकोल्याचे ब्रिजलाल बियाणी ही तेव्हाच्या वऱ्हाडी चळवळीतली दोन ठळक नावं. पूर्णेच्या खोऱ्यातल्या अशा विहिरींवर जुन्या काळी मीठ होतही असे. इंग्रजी अमलात ते थांबलं. ज्या पाण्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही आणि जे गुरंसुद्धा नाइलाजाने पितात, त्या पाण्याने एकदा दोन जिल्ह्यांना एका कामाला लावलं होतं. त्या सत्याग्रहात अकोल्याचं खारं पाणी वेगळं आणि अमरावतीचं वेगळं, असा हिशेब कोणी मांडला नाही.

हा सगळा प्रदेश आज खारपाणपट्टा म्हणून ओळखला जातो. पूर्णा मध्य प्रदेशात बैतूल जिल्ह्यातल्या सातपुड्यात उगम पावते, अमरावती, अकोला, बुलढाणा असं करत जळगाव जिल्ह्यात चांगदेवजवळ तापीला मिळते. तिला उत्तरेकडून चंद्रभागा, शहानूर, वान या सातपुड्याच्या नद्या येऊन मिळतात; दक्षिणेकडून पेढी, उमा, काटेपूर्णा, मोर्णा. मधली जमीन म्हणजे गाविलगडाच्या पायथ्याशी खचलेली एक लांबलचक द्रोणी. तिच्यात युगानुयुगं गाळ साचत गेला. काही ठिकाणी तो शेकडो मीटर जाड आहे. उतार जवळजवळ नाही, माती चिकण, पाऊस बेताचा आणि ऊन मरणाचं. पाणी खाली मुरलं तरी पुढे सरकत नाही आणि क्षार धुऊन जात नाहीत. मातीत सोडियम जास्त असल्याने ती ओली झाली की फुगून गच्च होते, उन्हाळ्यात पाय अडकेल एवढ्या भेगा पडतात. विहीर खोदली तर पाणी लागतं, पण ते पिकाला दिलं की दोन-चार वर्षांत शेत चिबडतं. म्हणून इथला शेतकरी पाण्याशेजारी राहून कोरडवाहू आहे. पावसाळ्यात कापूस, तूर, मूग, उडीद. आणि हिवाळ्यात नुसत्या जमिनीतल्या ओलीवर हरभरा. त्या हरभऱ्याची चव ज्याने चाखली असेल त्याला बाजारातला हरभरा फिका वाटेल, हे मी वऱ्हाडी अभिमानाने नव्हे, जिभेच्या साक्षीने सांगतो.

अशा पाण्याला किनारा नसतो, ही पहिली अडचण. ओडिशातलं चिल्का हे खारं सरोवर डोळ्यांना दिसतं. ते पुरी, खुर्दा आणि गंजाम अशा तीन जिल्ह्यांत पसरलेलं आहे. गाळाने त्याचं समुद्राकडचं तोंड बुजत गेलं, मासळी घटली, आणि १९९३ मध्ये आंतरराष्ट्रीय रामसर कराराच्या धोक्यातल्या पाणथळ जागांच्या यादीत त्याचं नाव गेलं. त्याआधीच ओडिशा सरकारने चिल्कासाठी वेगळं विकास प्राधिकरण नेमलं होतं. या प्राधिकरणाने सरोवर आणि ज्या नद्या त्यात गाळ आणतात त्यांची पाणलोटं, दोन्हींकडे एकत्र पाहिलं. २००० च्या सप्टेंबरात समुद्राकडे नवं मुख उघडलं आणि २००२ मध्ये चिल्का त्या यादीतून बाहेर आलं. कोळ्यांचे तंटे, झिंग्याच्या घेऱ्यांचे वाद संपले असं नाही. पण तीन जिल्ह्यांच्या पाण्याचा विचार एका टेबलावर झाला. पूर्णेच्या खोऱ्यातलं खारं पाणीही तीन जिल्ह्यांचं आहे, फक्त ते जमिनीखाली आहे. न दिसणाऱ्या गोष्टीला प्राधिकरण मिळत नाही, टँकर मिळतो.

टँकरच्या पुढची पायरी म्हणजे नळयोजना. या योजनांची नावं ऐका: अकोल्याची ८४ खेडी, दर्यापूर-अंजनगावकडची शहानूरवरची १५६ गावं, बाळापूरची ६९ गावं. प्रत्येक योजनेला एक धरण, एक आकडा आणि एक आमदार. दुखणं सगळ्यांचं एकच, पण औषधाची पुडी ज्याची त्याची वेगळी. मला यातलं सर्वांत खुपणारं उदाहरण वान धरणाचं वाटतं. वानचं गोडं पाणी सातपुड्याच्या कुशीतलं. त्यावर तेल्हाऱ्याच्या शेतकऱ्यांची शेती उभी आहे. ते पाणी अकोला शहरासाठी राखून ठेवायची गोष्ट निघाली तेव्हा तेल्हाऱ्यातून विरोध झाला. बाळापूरच्या ६९ गावांना द्यायची निघाली तेव्हाही झाला, आणि योजनेला स्थगिती आली. एप्रिल २०२३ मध्ये बाळापूरचे आमदार नितीन देशमुख गावकऱ्यांसह खारं पाणी घेऊन अकोल्याहून नागपूरला पायी निघाले. राजकारण बाजूला ठेवा. तेल्हाऱ्याच्या शेतकऱ्याचं म्हणणं खोटं नव्हतं आणि खारं पाणी पिणाऱ्या बाळापूरकराचंही नव्हतं. शिवाय हे दोघे एकाच जिल्ह्यातले! खारं पाणी सगळ्यांचं म्हणताना कोणाला काही द्यावं लागत नाही. गोड्या पाण्याचा प्रश्न आला की प्रत्येकाला आपला तालुका आठवतो.

आणि शहरं? ती या भांडणात नेहमी तहानलेल्याच्या भूमिकेत दिसतात, पण पूर्णेला काय परत करतात हे कोणी विचारत नाही. अमरावती शहर मोर्शीजवळच्या ऊर्ध्व वर्धा धरणातून पाणी पितं. म्हणजे गोदावरीच्या खोऱ्यातलं, जे एरवी बंगालच्या उपसागराला गेलं असतं. वापरून झालेलं पाणी मात्र अंबा नाल्यातून पेढीत आणि पेढीतून पूर्णेत, म्हणजे तापीमार्गे अरबी समुद्राकडे. बडनेऱ्यातल्या एखाद्या न्हाणीघरात हिंदुस्थानचे दोन समुद्र रोज भेटतात आणि भातकुली-दर्यापूरच्या माणसाच्या वाट्याला त्यातलं सांडपाणी येतं. अकोला महानच्या काटेपूर्णा धरणातून पितं आणि मोर्णेत सोडतं. मोर्णा पुढे पूर्णेलाच मिळते. जानेवारी २०१८ मध्ये अकोलेकरांनी मोर्णा साफ करायला घेतली, हजारो लोक जलपर्णी ओढायला उतरले आणि पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये त्याचं कौतुक केलं. काम खरंच कौतुकाचं होतं. पण ते शहराच्या हद्दीतल्या नदीचं होतं. नदी हद्दीबाहेर गेली की ती कोणाची? श्रावणात अकोल्याचे कावडधारी गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी खांद्यावर आणून राजराजेश्वराला घालतात. जी नदी देवाला चालते तिच्यात आपण रोज काय सोडतो, याचा हिशेब महापालिकेच्या अंदाजपत्रकात कधी वेगळा लिहिला जात नाही.

खेड्यातली सोय म्हणजे आरओचा प्लांट. पाच-दहा रुपयांत गोड्या पाण्याची कॅन. गरजूला नावं ठेवायचं कारण नाही. मूत्रपिंडाच्या आजारांच्या भीतीने या पट्ट्यातली माणसं धास्तावलेली आहेत आणि त्यांना थांबायला वेळ नाही. पण प्लांटमधून जेवढं गोडं पाणी निघतं, त्याच्या जोडीला आणखी खारं झालेलं पाणी निघतं, ते गावच्या नाल्यात जातं आणि पुन्हा त्याच जमिनीत मुरतं. गावोगावी असे प्लांट लागले आणि त्या निघालेल्या खाऱ्या पाण्याचं काय करायचं हे ठरलं नाही, तर क्षार फक्त एका जागेवरून दुसरीकडे जातात.

या प्रदेशासाठी काही झालंच नाही असं मात्र म्हणता येत नाही. जागतिक बँकेच्या मदतीने २०१८ मध्ये सुरू झालेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात विदर्भ-मराठवाड्याच्या हजारो दुष्काळी गावांबरोबर पूर्णा खोऱ्यातली हजारेक खारपाणाची गावं घेतली गेली. शेततळी झाली. पावसाचं गोडं पाणी खाऱ्या जमिनीवर धरून ठेवायचं, एवढी साधी युक्ती, आणि ती चालते. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने जिप्सम, हिरवळीचं खत, रुंद वरंबा-सरी यांवर केलेलं काम बांधावर पोचलं तिथे फरक दिसला. पूर्णेवर घुंगशी, नेर-धामणा इथे बॅरेज झाले. पण शेततळं एका शेतकऱ्याचं असतं, जिप्समचं पोतं एका शेताचं. खारपाण खोऱ्याचं आहे.

म्हणूनच मोठ्या कालव्यांच्या घोषणांनी मला आनंदाबरोबर काळजीही वाटते. गोसीखुर्दपासून नळगंगेपर्यंत सव्वाचारशे किलोमीटरांचा वैनगंगा-नळगंगा जोड प्रकल्प येतो आहे. तापीच्या महापुनर्भरणासाठी महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश यांनी १० मे २०२५ रोजी भोपाळमध्ये करार केला, एकूण ३१.१३ टीएमसी पाण्याचा वापर त्यात धरला आहे. दोन राज्यांना जमलं ते दोन तालुक्यांना का जमू नये, असं या बातमीवर म्हणता येईल, पण माझी काळजी वेगळी आहे. निचरा नसलेल्या खाऱ्या चिकणमातीवर गोड्या पाण्याचा कालवा सोडला आणि पाणी बेहिशेब दिलं, तर खालची खारी पातळी वर चढते. कृष्णाकाठी नेमकं हेच झालं. तिथली जमीन जन्मतः खारी नव्हती. उसाला पाणी पाजून पाजून ती क्षारपड झाली. शिरोळ तालुक्यात श्री दत्त सहकारी साखर कारखान्याच्या पुढाकाराने, गणपतराव पाटील यांच्या नेतृत्वाखाली, शेतकऱ्यांनी जमिनीखाली सच्छिद्र पाइप टाकून निचऱ्याचं काम हाती घेतलं. त्यात खरी अडचण पाइपची नव्हती. माझ्या शेतातलं खारं पाणी तुझ्या शेताखालून गेल्याशिवाय नदीला पोचत नाही, ही होती. एक जण नाही म्हणाला की साऱ्या शिवाराची योजना अडते. तिथे गावोगावच्या लोकांनी एकत्र संस्था केल्या तेव्हा काम पुढे सरकलं. वऱ्हाडात साखर कारखान्यासारखी सगळ्यांना बांधणारी दोरी नाही. ती दोरी तयार करावी लागेल, आणि कालवे यायच्या आधी. पाणी आल्यावर निचऱ्याची चर्चा करणं म्हणजे लग्न लागल्यावर पत्रिका जुळवणं.

सर्वांत अवघड बोलणी डोंगराच्या पायथ्याशी होतील. सातपुड्यातून उतरणाऱ्या नद्या पायथ्याच्या वाळू-गोट्यांच्या पट्ट्यात जिरतात. खोऱ्यातलं गोडं भूजल मुख्यतः तिथे तयार होतं. अकोट, तेल्हारा, अंजनगाव, अचलपूर हा संत्र्याचा, केळीचा, पानमळ्यांचा मुलूख त्यावर पोसला गेला. बोअर खोल खोल गेले आणि पाणी वरच संपायला लागलं. आता दर्यापूरचा किंवा मूर्तिजापूरचा माणूस त्यांना म्हणणार, तुम्ही जिरवा, आमच्यासाठी. संत्रा बागायतदार का ऐकेल? दानधर्म म्हणून तो ऐकणार नाही आणि ऐकावं अशी अपेक्षाही करू नये. पण पुनर्भरणाचा पहिला फायदा त्याच्याच बोअरला आहे, आणि त्याचा खर्च खालच्या गावांनी आणि दोन्ही शहरांनी वाटून घ्यायची तयारी दाखवली, तर बोलणं व्यवहाराचं होईल. व्यवहाराचं बोलणं वऱ्हाडी माणूस टाळत नाही.

यासाठी नवं राज्य, नवं महामंडळ काही लागत नाही. अमरावती आणि अकोला, दोन्ही जिल्हे एकाच महसूल विभागात. आयुक्त एकच, तेही अमरावतीत बसतात. बुलढाणाही त्याच विभागात. राज्याच्या २००९ च्या भूजल कायद्यात पाणलोट क्षेत्र जलसंपत्ती समितीची तरतूद आहे. पाणलोट जिल्ह्याची हद्द पाळत नाही, हे कायद्याला कळलं आहे. प्रशासनाला कळवायचं बाकी आहे.

गाडगेबाबांचा जन्म अमरावती जिल्ह्यातल्या अंजनगाव तालुक्यात शेंडगावला झाला, लहानपण अकोला जिल्ह्यातल्या मूर्तिजापूर तालुक्यात दापुऱ्याला मामाकडे गेलं. त्यांचा पहिला मोठा बांधकामाचा उद्योग म्हणजे पूर्णेकाठी ऋणमोचनचा घाट, जिथे पौषातल्या रविवारी दोन्ही काठांची जत्रा भरते. २० डिसेंबर १९५६ ला त्यांनी देह ठेवला तोही वलगावजवळ, पेढीच्या पुलाशी. आज दोन्ही जिल्हे त्यांच्या नावाने अभियानं चालवतात, बक्षिसं वाटतात. गावं झाडली जातात, नदी दोघांच्या मध्येच राहते.

तेव्हा एक मागणी, अगदी छोटी. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा वर्षातून चारदा निरीक्षण विहिरींची पातळी मोजते. ती नोंद कार्यालयात पोचते, गावात पोचत नाही. दर्यापूर आणि मूर्तिजापूर हे पूर्णेचे दोन काठ. या दोन्ही तालुक्यांतल्या ग्रामपंचायतींनी येत्या १ मेच्या ग्रामसभेत एकाच मजकुराचा ठराव करावा: एकाच दिवशी दोन्ही काठांच्या विहिरींची पातळी आणि खारेपणा मोजायचा, आकडे दोन्ही पंचायत समित्यांच्या फलकावर शेजारी-शेजारी लावायचे, आणि विभागीय आयुक्तांना लिहायचं की पुढची पाण्याची बैठक अकोट-अचलपूरच्या बागायतदारांना, अमरावती-अकोल्याच्या महापालिकांना आणि बुलढाण्याच्या गावांना एकत्र बोलावून घ्या. या ठरावाला निधी लागत नाही, कोणाची मंजुरी लागत नाही. सरपंचांनो, आपल्या गावचा ठराव लिहून झाला की नदी ओलांडून पलीकडच्या सरपंचाला त्याची एक प्रत देऊन या.